निर्लेखित जीपची परीक्षा

कुडाळहून वालावलला यावे, लक्ष्मीनारायणाच्या देवळाजवळचे तळे मागे टाकावे, की कर्लीच्या काठावरील वाड्यांकडे उतरणारे अरुंद रस्ते लागतात. दोन्ही अंगांना जांभ्या चिऱ्यांचे गडगे, वर नारळी-पोफळीची दाटी आणि पावसाळ्यात पायाखाली तांबडा निसरडा चिखल. अशाच एका वाडीत, घरामागच्या खोपीत, निळ्या ताडपत्रीखाली एक जीप चार पावसाळे उभी होती. तिचे मालक वारले. त्यांच्या पत्नीला आम्ही काकी म्हणतो. जीप विकायची आहे आणि ती आम्हीच घ्यावी, असा निरोप त्यांनी गेल्या वर्षी पाठविला. आम्हांलाही एक गाडी हवी होतीच. घरात सहा माणसे, त्यांत गुडघ्यांनी अधू झालेली आजी. शिवाय पावसाळ्याआधी होडी खाडीतून काढून घरी आणायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटायची. थोडक्यात, माणसे नेणारी आणि मागे ट्रॉली ओढणारी अशी एकच गाडी आम्ही शोधत होतो. काकी म्हणाल्या, ‘‘तुमी मास्तर. तुमी सांगशात ती किंमत.’’

या वाक्याने आम्ही अडचणीत आलो. किंमत जास्त सांगावी तर घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ, कमी सांगावी तर एका विधवेच्या हक्कावर घाला. ग्रंथांची परीक्षा करण्याची आम्हांला सवय आहे, जीपची नव्हती. येथील वाचक बहुतांशी साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक आहेत, आणि एका जुन्या जीपची चर्चा येथे कशासाठी, असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यावर आमचे उत्तर असे की, वापरलेली जीप पारखणे ही केवळ कारागिरीची बाब नाही. हे वाहन आपल्याकडे कसे आले, किती हातांतून फिरले आणि प्रत्येक हाताने त्यात काय बदलले, हे ठाऊक असल्याशिवाय समोरच्या लोखंडाचा अर्थ लागत नाही. हस्तलिखिताच्या अनेक प्रती चाळणाऱ्या संशोधकाला जे करावे लागते, त्याहून हे फारसे वेगळे नाही.

आरंभापासून सुरुवात करू. १९४० च्या जुलै महिन्यात अमेरिकी सैन्याने १३५ कारखानदारांकडे एका हलक्या, चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचविणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. नमुन्याची पहिली गाडी ४९ दिवसांत हवी होती. ही अट पुरी केली ती अमेरिकन बँटम या लहानशा कंपनीने. परंतु युद्धाला लागणारी संख्या तिच्या आवाक्याबाहेरची होती. मोठी कंत्राटे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांना मिळाली आणि युद्ध संपेपर्यंत त्या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनविल्या. बँटमच्या स्वतःच्या गाड्या मात्र तीन हजारांच्या आतच राहिल्या. पुढे युद्धभर ही कंपनी जीपमागे जोडायच्या पाव टनी ट्रॉल्या बनवीत राहिली. जिने जीप प्रथम घडविली, तिच्या वाट्याला जीपने ओढायची वस्तू घडविण्याचे काम आले. या योगायोगात एक अर्थ आहे. जीप आणि तिच्या मागचा भार या दोन गोष्टी पहिल्यापासून एकत्रच कल्पिलेल्या होत्या. ओढण्याचा हूक हा तिच्या मूळ रचनेचाच भाग होता. तो नंतर कोणी जोडलेला अलंकार नव्हे.

विलीजच्या या जीपचे इंजिन २.२ लिटरचे आणि ६० अश्वशक्तीचे होते. पुढच्या आणि मागच्या धुरांमधील अंतर ८० इंच. गिअरपेटीच्या मागे ट्रान्सफर केस नावाची दुसरी पेटी बसविलेली असे. तिच्यातून एक शाफ्ट मागच्या धुरेकडे आणि एक पुढच्या धुरेकडे जाई. एक दांडा ओढला की पुढची चाके जोडली जात. दुसरा ओढला की वेग जवळजवळ निम्म्यावर येई आणि जोर त्याच प्रमाणात वाढे. या पेटीची एक बारीकशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण वालावलच्या जीपचे सारे प्रकरण तिच्यावरच येऊन ठेपले. या जीपचा हँडब्रेक चाकांवर लागत नसे. तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या शाफ्टवर लागे.

युद्ध संपत आले तेव्हा विलीजने हीच गाडी १९४५ मध्ये शेतकऱ्यांसाठी बाजारात आणली. १९४६ मध्ये ब्रुक्स स्टीव्हन्स या आरेखकाने तिच्यावरून संपूर्ण पोलादी अंगाची स्टेशन वॅगन रचली आणि १९४९ पासून तीही चारही चाकांच्या जोरावर मिळू लागली. घरची माणसे, मागे सामान, बाहेर चिखल आणि हुकाला भार, हे सारे एका वाहनाने पेलावे ही कल्पना येथे प्रथम ठळकपणे आकाराला आली. आज ज्यांना आपण एसयूव्ही म्हणतो त्या गाड्यांचे गोत्र शोधू गेल्यास आपण या स्टेशन वॅगनपाशी येऊन पोचतो.

आपल्याकडे जीप आली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्र या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे तेथील गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. सुट्या भागांतून आलेल्या जीपगाड्यांची जुळणी माझगावात होऊ लागली. माझगावचा भाऊचा धक्का कोकणच्या माणसाला निराळा सांगायला नको. आगबोटीने मुंबईला उतरणाऱ्या कित्येक पिढ्यांचे पहिले पाऊल तेथेच पडले. कोकणी माणूस बोटीतून उतरत होता त्याच परिसरात, पुढे त्याच्या गावच्या रस्त्यांवर धावणारे वाहन खिळ्या-बोल्टांनी जोडले जात होते.

स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या वादग्रस्त खरेदीचा विषयही जीपच होता, आणि तीही वापरलेली. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना १९४८ साली लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी युद्धोत्तर उरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा करार नेहमीची पद्धत बाजूला ठेवून केला. करार सुमारे ८० लाख रुपयांचा होता. प्रत्यक्षात भारतात उतरल्या त्या १५५ जीपगाड्या, आणि त्या उपयोगाच्या नाहीत असा निर्वाळा मिळाला. लोकसभेत वाद झाले, चौकशी समिती नेमली गेली, आणि १९५५ च्या सप्टेंबरमध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारपुरते हे प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच वर्षी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात आले आणि १९५७ साली उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. या प्रकरणातील राजकीय दोष कोणाचा, हा वाद येथे उकरण्याचे कारण नाही. आमच्या दृष्टीने त्यातील धडा साधा आहे. दुरुस्त केलेली जीप कागदावर नव्या जीपसारखीच दिसते. तिचे खरे वय कळते ते कोणीतरी तिच्याखाली वाकून पाहिल्यावर. वाकून पाहण्याचे काम पैसे देण्याआधी करायचे की नंतर, एवढाच प्रश्न असतो, आणि एका राष्ट्राला जे नडले ते एका कुटुंबाला अधिकच नडेल.

यानंतरच्या तीन दशकांत खेड्यातल्या माणसाच्या लेखी जीप म्हणजे सरकार असे समीकरण रूढ झाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी जीपमधून गावात येऊ लागले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. हिवतापाचे पथक, लसीकरण, निवडणुकीच्या पेट्या, पुढाऱ्यांचे दौरे, साऱ्यांचे वाहन एकच. मराठीत जीप स्त्रीलिंगी झाली ती बहुधा ‘गाडी’च्या सोबतीने, परंतु म्हातारी झाली की तिचे ‘जीपडे’ होते, नपुंसकलिंगी आणि काहीसे लाडके. सरकारी जीपची आयुर्मर्यादा संपली की कार्यालय तिचे ‘निर्लेखन’ करी. या शब्दाकडे भाषेच्या अभ्यासकांनी जरा थांबून पाहावे. निर्लेखन म्हणजे नोंदवहीतून नाव काढून टाकणे. वस्तू जागेवर असते, तिचा लेख तेवढा पुसला जातो. अशी निर्लेखित जीप जाहीर लिलावात निघे आणि गॅरेजवाला, काजूचा व्यापारी किंवा आंब्याचा बागायतदार ती उचलीत असे. जीपचा खेड्यातला दुसरा जन्म येथून सुरू होई.

सैन्याकडील जीपगाड्याही अशाच लिलावाने येत. तेथे एक गंमत कायद्याने केलेली आहे. संरक्षण दलाच्या गाड्यांना असतो तो ऑलिव्ह हिरवा रंग नागरी वाहनाला देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मनाई केली आहे. त्यामुळे सैन्यातून सुटलेल्या जीपला पहिला संस्कार होतो तो रंगाचा. आणि रंग चढला की गंज, जोड आणि ठोकलेले पत्रे एकाच गुळगुळीत थराखाली जातात. खरेदीदाराला दिसते ती त्या थरावरची चकाकी. काकींच्या जीपचा रंग पांढरा होता. दाराच्या बिजागरीजवळ नखाने खरवडले तेव्हा खाली तांबडा निघाला, आणि तांबड्याखाली हिरवा. म्हणजे आरसी बुकात नागरी नोंदणीची जी तारीख होती, तिच्याआधी या गाडीचे एक आयुष्य होऊन गेले होते.

दुसरा मोठा फेरफार इंजिनाचा. जुन्या जीपचे पेट्रोल इंजिन खादाड. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर ते परवडेना. कंपनीनेच पुढे ट्रॅक्टरच्या घराण्यातली आणि नंतर फ्रान्सच्या पूजो कंपनीच्या आरेखनाची डिझेल इंजिने जीपमध्ये बसविली. पण त्याआधी रस्त्यावर आलेल्या हजारो पेट्रोल जीपगाड्यांचे काय? त्यांच्यात गावोगावच्या कारागिरांनी हाती येईल ते डिझेल इंजिन उतरविले. चासी एका गाडीची, इंजिन दुसरीचे, गिअरपेटी तिसरीची, आणि अंग लोहाराने नव्याने घडविलेले. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव तर जुन्या जीपगाड्या अशा रीतीने नव्याने रचण्यासाठीच प्रसिद्धीस आले. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर ही मिश्र प्रत होय. मिश्र प्रत वाईटच असते असे नाही. कित्येकदा मूळ प्रतीपेक्षा ती अधिक वाचनीय असते. मात्र कोणता भाग कोठून आला हे नमूद असावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे ५२ वे कलम नेमके हेच मागते. नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परवानगीशिवाय करू नये, आणि केल्यास त्याची नोंद व्हावी. काकींच्या आरसी बुकात इंधन ‘पेट्रोल’ होते. बॉनेट उचलले तर खाली डिझेलचे इंजिन.

१९८० नंतर चित्र पालटले. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली. पुण्याहून टाटांची सिएरा १९९१ मध्ये आणि इस्टेट १९९२ मध्ये निघाली. इस्टेट ही आपल्याकडे घडलेली खरीखुरी स्टेशन वॅगन होती, परंतु तिचा जोर मागच्या दोन चाकांपुरताच. १९९४ मध्ये सुमो आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले हे अनेकांना ठाऊक नसते. मग १९९८ मध्ये सफारी, २००० मध्ये बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ. याच काळात दक्षिण महाराष्ट्रात आणि कोकणात ‘वडाप’ फोफावले. दहा माणसांच्या गाडीत सोळा माणसे बसवून तालुक्याला नेणाऱ्या या गाड्या थकल्या की ‘घरगुती वापराची’ म्हणून विकावयास निघत. दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, तेव्हा तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. अशा गाडीला खाऱ्या वाऱ्याचा उपद्रव झालेला नसतो, हा तिचा गुण. मात्र इतर राज्यातले वाहन येथे बारा महिन्यांहून अधिक ठेवायचे तर येथील नोंदणी घ्यावी लागते आणि येथील करही भरावा लागतो, हा खर्च किमतीत धरला जात नाही.

आता परीक्षेकडे वळू. कुडाळच्या एका वयस्क मेस्त्रींना आम्ही सोबत नेले होते. त्यांनी इंजिन सुरू करण्याचे नावच काढले नाही. आधी पोते अंथरून ते गाडीखाली गेले. जुन्या जीपचा कणा म्हणजे तिची शिडीसारखी चासी. मालवणच्या पट्ट्यात खारा वारा आणि तांबडी माती यांचा गिलावा चासीच्या पोकळीत साचतो आणि लोखंड आतून खातो. बाहेरून ते धड दिसते. मेस्त्री हातोडीने हलके ठोकीत गेले. जेथे नाद खणखणीत तेथे लोखंड. जेथे भद्द तेथे गंज. मागे हुकापाशी आडव्या पट्टीवर वेल्डिंगच्या दोन पिढ्या दिसल्या आणि त्यांच्या कडेने केसाएवढी एक भेग. मागच्या कमानीत मूळच्यापेक्षा दोन पाटे जादा घातलेले होते. जादा पाटे म्हणजे जादा भाराची कबुली. माणसे नेणाऱ्या गाडीला ते लागत नाहीत.

ओढण्याच्या कामाला गॅरेजच्या मराठीत ‘टोचन’ म्हणतात. इंग्रजीतला साखळदंड ओढण्याचा शब्द आपल्या ‘टोचणे’ या क्रियापदाच्या आधाराने येथे रुळला असावा. टोचन केलेल्या गाडीची खूण तिच्या क्लचमध्ये, गिअर निसटण्यात आणि मागच्या डिफरन्शियलच्या आवाजात सापडते. मेस्त्रींनी मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट सोडला. तेल काळे निघायला हवे होते; निघाले ते चहात दूध जास्त झाल्यासारखे. तेलात पाणी मिसळले होते. ते पावसाचे नसते. धुरा पाण्यात बुडाल्याखेरीज पाणी तेथवर जात नाही.

नंतर ते पुढच्या बाजूला सरकले आणि बराच वेळ गप्प राहिले. पुढच्या धुरेकडे जाणारा शाफ्टच नव्हता. खोपीच्या कोपऱ्यात, जुन्या जाळ्यांखाली तो सापडला. डिझेल वाचावे म्हणून पुष्कळ मालक हा शाफ्ट काढून ठेवतात. गाडी थोडी हलकी चालते, आणि फोर व्हीलची गरज वर्षातून चार वेळा, असा त्यांचा हिशेब असतो. म्हणजे कागदावर, बोलण्यात आणि पत्र्यावरच्या अक्षरांत जी चार चाकांची गाडी होती, ती प्रत्यक्षात कित्येक वर्षे दोन चाकांचीच होती.

मेस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, ‘‘गाडी वढता किती, ता सगळेच इचारतत. उतारार रवता कशी, ता कोण इचारना नाय.’’

याचा उलगडा त्यांनी खाडीच्या उतारावर उभे राहून केला, आणि आमच्या मते साऱ्या परीक्षेचे सार त्यातच आहे. होडी पाण्यात सोडताना जीप पाठमोरी उतारावर नेतात. ट्रॉली पाण्यात जाते, जीपची मागची चाके शेवाळलेल्या ओल्या दगडांवर येतात आणि पुढची चाके वर कोरड्यावर राहतात. चालक हँडब्रेक ओढून उतरतो. या जीपचाही हँडब्रेक त्या जुन्या विलीजप्रमाणे मागच्या शाफ्टवर लागणारा. म्हणजे तो धरतो ती फक्त मागची चाके, जी नेमकी शेवाळावर आहेत. पुढचा शाफ्ट जागेवर असेल आणि फोर व्हील जोडलेले असेल, तर ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट एकत्र बांधते आणि तोच ब्रेक कोरड्यावरच्या पुढच्या चाकांनाही धरून ठेवतो. शाफ्ट काढलेला असेल तर धरणारे काही उरत नाही. चार चाकांच्या जोराचे महत्त्व आपण चढणीवर आणि चिखलात मोजतो. ट्रॉली ओढणाऱ्याला त्याची खरी गरज उतारावर, थांबताना असते. मेस्त्रींनी पुढे सांगितले की, सहा-सात वर्षांपूर्वी हीच जीप अशाच एका संध्याकाळी रिकामी सरकत खाडीत गेली होती. माणूस कोणी तीत नव्हते. दुसऱ्या ओहोटीला दोरखंड लावून ती बाहेर काढली. दुधाळ तेलाचा अर्थ तेव्हा लागला.

रस्त्यावरही हेच तत्त्व लागू पडते. लहान ट्रॉलीला स्वतंत्र ब्रेक नसतो. उतरणीवर ती पुढच्या गाडीला ढकलते आणि तिला थांबविण्याचे काम एकट्या जीपच्या ब्रेकांना करावे लागते. जुने ड्रमब्रेक पाण्यात भिजले की काही काळ धड लागत नाहीत. भार ट्रॉलीच्या धुरेच्या किंचित पुढे ठेवावा, म्हणजे एकूण भाराचा साधारण दहावा हिस्सा हुकावर येतो. तो मागे गेला तर ट्रॉली शेपटीसारखी हलू लागते. आणि ट्रॉली म्हणजे केवळ साधन, असेही समजू नये. कायद्याच्या व्याख्येत ती स्वतःच एक मोटार वाहन आहे. तिची नोंदणी निराळी. या गावठी ट्रॉलीला ती कधीच झाली नव्हती.

माणसांच्या बाजूने पाहिले तर निर्णय त्याहून लवकर झाला. मागे समोरासमोर दोन बाके, पट्टे नाहीत, पायरी गुडघ्याएवढी उंच. आजीला तीत चढविण्यास दोघे लागले असते, आणि अचानक ब्रेक लागला तर मुलांना धरणारे काही नव्हते. सैनिकांसाठी रचलेली ती जागा होती. तिला कुटुंबाची जागा आपण नाइलाजाने मानली. १९४६ च्या त्या स्टेशन वॅगनने पाहिलेले स्वप्न जीपच्या पाठीवर छप्पर चढविल्याने पुरे होत नाही. आम्ही ठरविले ते असे की, या दोन गरजा एका गाडीत कोंबू नयेत. माणसांसाठी साधी, बंद, पट्टे असलेली वापरलेली मोटार वेगळी घ्यावी. जीप घ्यायचीच झाली तर होडीपुरती.

काकींना काय सांगायचे, हे त्यानंतर उरले. आम्ही एका कागदावर मराठीत सारे लिहिले. गाडी अजून मृताच्या नावावर आहे. आधी नमुना ३१ भरून ती वारसाच्या, म्हणजे काकींच्या, नावावर व्हावी. इंजिनाच्या बदलाची नोंद करून घ्यावी. नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपलेली आहे. तपासणी होऊन पाच वर्षांसाठी ती वाढवून मिळते, पण हुकाजवळची भेग आणि गंजलेली चासी दुरुस्त केल्याशिवाय तपासणीला नेऊ नये. प्रत्येक कामापुढे अंदाजे खर्च लिहिला आणि शेवटी दोन किमती लिहिल्या: आहे तशी असताना एक, आणि ही कामे झाल्यावर दुसरी. काकींनी कागद दोनदा वाचला. भंगारवाल्याने सांगितलेला आकडा आमच्या पहिल्या किमतीहून फारसा कमी नव्हता, हे त्यांनीच सांगितले. मग त्यांनी विचारले, ‘‘शाफ्ट काढलो म्हणान ती गेली मा?’’ आम्ही हो म्हणालो. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळचा दोष आजवर त्या मालकांच्या विसरभोळेपणावर ठेवीत आल्या होत्या.

एक गोष्ट इतिहासाच्या खात्यात नोंदवायची राहिली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा केंद्राचा नियम अंमलात आला. अशी वाहने आता लिलावातून गावात न येता मान्यताप्राप्त भंगार केंद्रात जातात. सैन्यातील काही वाहनांना त्यात सूट आहे. परंतु पंचायत समितीची जीप निर्लेखित होऊन बागायतदाराच्या खळ्यात येण्याची वाट बंद झाली. हवेच्या आणि रस्त्यावरील माणसांच्या दृष्टीने हे योग्यच झाले, असे आमचे मत आहे. काकींच्या जीपसारख्या गाड्या आता नव्याने येणार नाहीत. ज्या आहेत त्या पारखणारे मेस्त्रीही थकले आहेत. हातोडीचा नाद ऐकून चासीचे वय सांगणारी विद्या कोणत्याही पुस्तकात लिहिलेली आम्ही पाहिली नाही, म्हणून तिच्यातले जेवढे कळले तेवढे येथे लिहून ठेवले.

जीप अखेर आम्हीच घेत आहोत, कामे झाल्यावरच्या किमतीला. कामांचा खर्च आम्ही आगाऊ दिला आणि तो त्या किमतीतून वळता होईल. नमुना ३१ चा अर्ज कार्यालयात गेला आहे. हुकाजवळची आडवी पट्टी बदलून झाली, डिफरन्शियलचे तेल तीन वेळा काढून पुन्हा भरले. पुढचा शाफ्ट मेस्त्रींनी गेल्या आठवड्यात जागेवर बसविला. निळी ताडपत्री काकींनी लाकडांवर घालण्यासाठी परत मागून घेतली. कागद हातात येईपर्यंत यंदाही होडी आठ माणसांनीच खांद्यावरून काढायची आहे.